सगळ्यांना आपलं म्हणणारा

आहेराच्या चादरी घ्यायला मी सोलापुरातल्या एकाच दुकानात जाते. तिथला विक्रेता घड्या घालता घालता टीव्हीवरच्या प्रत्येक नामवंताला महाराष्ट्राचा करून टाकतो. दिल्लीचा एक नट दिसला, तर म्हणाला, "आपलाच हाय की! कुर्डुवाडीला गाडी बदललीय त्यानं." बंगळुरूच्या खेळाडूची मावशी अक्कलकोटला दिलेली, एवढं त्याला पुरलं.

परवा तो फोनवर घरच्यांशी तेलुगूत बोलला. मी सहज विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले हो?"

त्याचे हात थांबले. "आमचे आजोबाबी हितंच जन्मले, ताई. तरी सगळे हेच विचारतात."

मग चादरीच्या कडा जुळवत तो हसला. "आमच्यातला एखादा टीव्हीवर येऊ द्या की. मग कुणी न्हाय विचारणार."