आई हा संदर्भ होत नाही

मुळशीतल्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आपापल्या गावाच्या पर्यावरणावर प्रकल्प लिहावा लागतो. लिहावा म्हणजे काय, डाउनलोड करावा लागतो. मुठा खोऱ्यातल्या एका पठ्ठ्याने तर 'आमच्या गावाला विस्तीर्ण समुद्रकिनारा लाभला आहे' असं छापून आणलं. वर स्पायरल बायंडिंग! मी म्हटलं, बाबा रे, भरतीच्या वेळा पण दे, पोहायला येते. तर म्हणतो, "मॅडम, समद्यांनी त्येच घेतलंय." म्हणजे अख्खा तालुका किनाऱ्यावर.

त्या ढिगात एकीचा प्रकल्प हाताने लिहिलेला निघाला. पोरगी डोंगरातल्या वाडीवरची. खेकडे भातखाचरांचे बांध पोखरतात, पाणी वाहून जातं, आणि तिची आई ती बिळं कशी हुडकते, कशी बुजवते, ते तिने लिहिलं होतं. खाली 'माहिती देणार: माझी आई' आणि आईचं पूर्ण नाव.

"आईनं अटच घातली व्हती," ती मला म्हणाली. "म्हनली, समदं सांगते, पन माझं नाव लिव. रेशनकार्ड सोडून कुटं आलं न्हाई अजून."

मला इतका आनंद झाला की मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या विभागप्रमुखांना मात्र ते नाव खुपलं. "आई हा काय संदर्भ झाला? पुस्तक दाखव." त्यांनी तिला नाव खोडायला लावलं आणि प्रकल्प 'बारकाईने तपासायला' स्वतःकडे ठेवून घेतला.

पुढे कॉलेजात कार्यशाळा झाली, 'वाङ्मयचौर्य कसे टाळावे'. हजेरी सक्तीची. वक्ते कोण? अर्थात विभागप्रमुख! दुसऱ्याचं घ्याल तर त्याचं नाव द्या, नाहीतर ती चोरीच, असं घसा खरवडून सांगून झालं. मग अस्सल संशोधनाचा नमुना म्हणून त्यांनी स्वतःचाच, नुकताच छापून आलेला लेख पडद्यावर लावला: 'आमच्या घरामागच्या खाचरात एक स्थानिक महिला खेकड्यांची बिळे बुजवताना मला आढळली.'

अहो, साहेब राहतात महाळुंग्याला, टॉवरमध्ये! घरामागे पार्किंग आणि जिम. आईची 'स्थानिक महिला' केली, पण 'आमच्या घरामागच्या' तेवढं बदलायचं राहिलं. चोरायचं तर निदान वाचून तरी चोरावं माणसाने! माझं डोकं असं तडकलं की मी उठणारच होते. पण ती पोरगी माझ्याआधी उभी राहिली होती.

"सर, त्या बाईचं नाव काय?"

सर पाणी प्यायले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ बाळ, संशोधनात नाव महत्त्वाचं नसतं. माहिती महत्त्वाची."

"व्हय? मग लेखावरचं तुमचं बी खोडा की."