पंखा कुणी बंद केला?

"भावोजी, या. आणि येताना कापूस आणा, घरातला संपलाय." निर्मलावहिनी फोनवर एवढंच बोलल्या. भालू गेला, असं त्या म्हणाल्याच नाहीत. माणूस गेल्यावर पंखा बंद करायचा, डोकं उशीवर उंच ठेवायचं, मिटल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा आणि नेत्रपेढीला फोन लावायचा... हे भालूच्या तोंडून कोपरीपासून डोंबिवलीपर्यंत इतक्या हळदीकुंकवांत नि सोसायट्यांच्या पूजांत ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. आणि तरी त्या दुपारी धावत जाऊन मी आणलं काय, तर फुलवातींचं पाकीट! केमिस्ट शेजारीच असताना पूजेच्या सामानाच्या दुकानात शिरणारा गाढव मी एकटाच असेन. वहिनींनी पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकेक वात उसवून तिचे बोळे करायला बसल्या.

आमच्या आळीत कुणाकडे मयत झालं की भालू पहिला पोचायचा. बांबू, मडकं, दाखला, गाडी, सगळं तोच बघायचा. कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यात त्यानं नेत्रदानाची भर घातली. कशापायी, असं विचारलं तर प्रत्येकाला वेगळं उत्तर. मला म्हणाला, "घरी बसलो तर निर्मला भाजी निवडायला लावते." लोक कारणं काढायचे, म्हातारीला मोतीबिंदू होता, अण्णांना साखर होती. त्यावर तो म्हणायचा, "तुम्ही फोन तर करा. घ्यायचे की नाही ते ते ठरवतील. आपणच आधी नाही कशाला म्हणायचं?" मी त्याचा सहकारी, म्हणजे पत्रकं धरून उभा राहणारा.

एकदा भालू गावी गेलेला असताना कोलशेतहून निरोप आला, एक आजोबा गेले. मी एकटाच, मोठ्या रुबाबात निघालो. इमारत बरोबर, मजला चुकला. दार उघडं, खाटेवर आजोबा निपचित, सून डोळे पुसतेय. (ती कांदा चिरत होती, हे नंतर कळलं.) मी हात जोडले, पंखा बंद केला आणि आवाज खाली आणून म्हणालो, "आजोबांच्या डोळ्यांचं काय ठरवलंय?" आजोबांनी एक डोळा उघडला. "पंखा कुनी बंद केला रं?"

वरच्या मजल्यावरचं खरं काम मी घाम पुसत कसंबसं पार पाडलं. पण त्या दिवसापासून भालूला माझ्यासाठी दुसरा नमस्कारच उरला नाही. रस्त्यापलीकडून, लग्नाच्या पंगतीत, फोनवर हॅलोच्या जागी... "पंखा कुनी बंद केला रं?"

या कामाचं एक मोल मात्र त्याला द्यावं लागलं. मोहने गावात त्याचा जुना दोस्त आजारी होता, आम्ही भेटायला गेलो. दोस्तानं भालूला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "इतक्यात कशाला आलास रे?" भालू हसला. पण खाली आल्यावर चहाचा ग्लास हातात तसाच धरून उभा राहिला. पुढे तो कुठल्याच आजाऱ्याला भेटला नाही. शहाळी घ्यायचा, मला वर पाठवायचा, आणि स्वतः खाली थांबायचा.

मग त्यालाच रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टर औषधांचं सांगत होते आणि याचं भलतंच. "म्हणजे माझे डोळे घेणार नाहीत." तो विचारत नव्हता. या आजारात डोळे घेत नाहीत, हे त्यानंच किती सभांत सांगितलेलं. रिक्षात एकदाच बोलला, "मरायचं काय, सगळेच मरतात. पण मी लोकांच्या दारात जाऊन, त्यांची माणसं समोर पडलेली असताना, द्या म्हणालो रे..."

शेवटी शेवटी तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी खोलीत शिरलो तर वळून न बघता म्हणाला, "इतक्यात कशाला आलास?" मला वाटलं, थट्टा करतोय. मी मोठ्यानं हसलो. तो हसत नव्हता.

त्या दुपारी पंखा मीच बंद केला. वहिनींनी उसवलेल्या वातींचे ओले बोळे त्याच्या पापण्यांवर ठेवले. "वहिनी, घेणार नाहीत ते," मी म्हणालो. "ठाऊक आहे. तरी फोन करा. हे लोकांना काय सांगायचे?" मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी आजार विचारला, मग नाव विचारलं. नाव सांगितल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा विचारलं... मग हळू आवाजात नाही म्हणून सांगितलं. "विचारलंत ना? झालं तर मग," वहिनी म्हणाल्या. कापूस त्यांनी काढू दिला नाही.

परवा गेलो होतो. खोलीत जीव उकडत होता. "लावा की पंखा, भावोजी. माझा हात जात नाही," वहिनी म्हणाल्या. लावला. पण भालूच्या फोटोपुढे उरलेल्या फुलवातींपैकी एक तेवत होती, ती फडफडायला लागली. वहिनींनी हाताचा आडोसा धरला. मी उठून पंखा बंद केला आणि खाटेकडे पाठ करून, बटणावर हात ठेवून तसाच उभा राहिलो... पाती फिरत फिरत थांबली. मागून कुणीच ओरडलं नाही.