काकूंची दक्षिण

आमच्या समोरच्या काकू आयुष्यात कधीही हरवलेल्या नाहीत. मी वाढवून सांगत नाही. जळगाव जामोदच्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. देवाने बाकीच्या माणसांना एक डावा आणि एक उजवा हात दिला. काकूंना त्याने एक उगवतीकडचा आणि एक मावळतीकडचा दिला, आणि काकू वळल्या की ते हात आपसात नावं बदलतात. डावं-उजवं हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेच नव्हते. ‘आपण फिरलो का थेही फिरते. त्याच्यावर काय भरवसा ठेवाचा?’ असं त्यांचं म्हणणं. सातपुडा उत्तरेला आहे, पूर्णा नदी दक्षिणेला आहे, आणि ती दोघं कुणासाठी जागा सोडत नाहीत. काकूंचा सगळा संसार या दोघांच्या मध्ये मांडलेला होता.

त्यांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा चहा करणाऱ्या पाहुणीची फजिती ठरलेली. ‘साखर दक्षिणेकडच्या डब्यात हाय,’ एवढंच बाहेरून ऐकू येई आणि मग चहात मीठ पडे. लग्नाच्या पंगतीत काकू वाढायला उभ्या राहिल्या की ‘बाप्पा, थोडे उत्तरेकडं सरका’ म्हणत आणि बसलेली माणसं हातातला घास तसाच धरून सूर्य शोधायला लागत. एकदा गुडघा दुखतो म्हणून मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, ‘काकू, कोणता गुडघा?’ काकू म्हणाल्या, ‘उगवतीकडचा.’ डॉक्टर बिचारे समजूतदार. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, मनाशी हिशेब केला आणि काकूंना टेबलावर झोपायला सांगितलं. काकू झोपल्या. डॉक्टरांनी गुडघा दाबायला सुरुवात केली तर काकू छताकडे बघत शांतपणे म्हणाल्या, ‘आता तो उत्तरेकडचा झाला न साहेब. मी फिरली न.’ त्यानंतर डॉक्टर त्यांचे दोन्ही गुडघे तपासत.

मी हसत असे, पण मनातून मला त्यांचा धाकच वाटे. अकोल्याला कापडाच्या एका मोठ्या दुकानात आम्ही गेलो होतो. तळघर, एकही खिडकी नाही, जिने कुठून कुठे वळलेले. मला तर आपण कोणत्या रस्त्यावरून आत आलो तेही आठवत नव्हतं. काकू साडीचा पोत बघत होत्या. मी सहज विचारलं, ‘काकू, उत्तर कोणती?’ त्यांनी मान वर न करता साड्यांच्या एका ढिगाकडे बोट केलं. मी गुपचूप फोनमधलं होकायंत्र उघडलं. काटा थोडा डुलला, इकडेतिकडे फिरून आला आणि मग निमूटपणे काकूंच्या बोटाखाली येऊन थांबला. मी फोन पिशवीत टाकला. काकू म्हणाल्या, ‘हे जांभळी घेऊ का वो?’

माझी आणि त्यांची गट्टी कशी जमली हे गल्लीला कोडं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत बोलायची वेळ आली की पदराआड लपावं तसं पुस्तकाआड लपणारी. समोरून कुणी ओळखीचं आलं तर रस्ता बदलणारी. काकूंना तेच आवडे. ‘तू चूप राह्यतं, म्हणून मले बोलाले जागा भेटते,’ म्हणायच्या.

तर अशा या काकूंची एकुलती एक मुलगी, जिला मी ताई म्हणते, लग्नानंतर ऑस्ट्रेलियाला गेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केली. तेव्हा आईनेच तिकडे जायचं ठरलं. म्हणजे ताईने ठरवलं, जावयांनी ठरवलं, सगळ्या गल्लीने ठरवलं. काकू तेवढ्या हो म्हणत नव्हत्या. फोनवर ताई रडायची आणि काकू ‘पाहू’ म्हणायच्या.

एका दुपारी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. ‘तथी इंग्रजी बोलतात म्हणे. मले सारी इंग्रजी नाई जमाची. एकच शब्द शिकव, पण पुरता शिकव.’

‘कोणता?’

‘दक्षिण.’

मी म्हटलं, ‘साउथ.’

‘हे झालं नाव. याचा अर्थ किती दूर जाते थे सांग.’

मग रोज दुपारी आमचा एका शब्दाचा वर्ग भरू लागला. रात्री मी शोधून ठेवायची आणि दुपारी सांगायची. मी आधी नकाशा दाखवला. इंग्रजीत दक्षिणेला जाणं म्हणजे खाली जाणं, असं म्हटल्यावर काकूंनी मान डोलावली. आमच्याकडे पाणी पहाडातून निघून खाली पूर्णेकडेच जातं. ‘बरोबर हाय. इंग्रजी आपल्या तालुक्यातच बनली असन.’ अमेरिकेत दक्षिण हा एक मुलूखच आहे, तिथल्या लोकांची बोली वेगळी, बाकीचे त्यांच्या बोलण्याला हसतात, हे ऐकून त्या म्हणाल्या, ‘म्हंजे तथीही एखादं पुणं असन.’ जगातल्या गरीब देशांना मिळून हल्ली दक्षिण म्हणतात आणि त्यात आपणही आलो, हे मात्र त्यांना अजिबात पटलं नाही. मी पृथ्वीची मधली रेघ दाखवली. आपण रेघेच्या वर होतो. ‘मंग आपण उत्तरेले हाओ न? पैसा नसला का माणसाले दक्षिणेत टाकतात का हे लोक?’ रात्री मी पुस्तकं उघडली. त्यांतही उत्तर नीटसं सापडलं नाही.

एखाद्या आकड्याच्या दक्षिणेला म्हणजे त्याहून कमी, हे त्यांनी बाजारात वापरून पाहिलं. वांगेवाल्याला म्हणाल्या, ‘तुह्या भावाच्या थोडं दक्षिणेले ये.’ तो आला म्हणे. पत्त्यांच्या एका खेळात चार बाजूंना बसलेल्या चार माणसांना चार दिशांचीच नावं असतात, हे तर त्यांना इतकं आवडलं की दोनदा सांगायला लावलं. ‘म्हंजे जिता माणूसच दक्षिण?’

‘हो. त्या खेळापुरता.’

‘हे चांगलं केलं त्याइनं.’

आणि मग मी तो अर्थ सांगितला. एखादं काम बिघडलं, धंदा बुडाला, की इंग्रजीत म्हणतात, ते दक्षिणेला गेलं. मला वाटलं काकू हसतील. त्या हसल्या नाहीत. लुगड्याच्या काठाची घडी घालत राहिल्या.

‘म्हंजे इंग्रजाइलेही माहीत हाय,’ त्या म्हणाल्या.

‘काय?’

‘तुहे काका गेले, अन् त्याइले अंगणात ठेवलं तवा पाय दक्षिणेले केले होते. मीच सांगतलं कोणीकडं करा तं. लोकाइले दिशा समजून नाई राह्यली होती.’ काठाची घडी मोडत म्हणाल्या, ‘तवापासून मी तिकडं तोंड करून चूलही पेटवली नाई. अन् पोट्टी बसली थेट तथीच जाऊन.’

तेव्हा मला कळलं की ‘पाहू’ म्हणजे काय होतं. एवढ्या अर्थांमधला एकच अर्थ त्यांना आधीपासून येत होता, आणि बाकीचे त्या माझ्याकडून त्याच्या अंगावर पांघरूण घालायला गोळा करत होत्या.

मला आणखी एक गोष्ट सापडली होती आणि ती सांगावी की नाही यावर मी दोन दिवस घालवले. सांगितली नाही तर तिथे अंगणात उभ्या राहून त्या एकट्या घाबरतील. सांगितली तर कदाचित जाणारच नाहीत. शेवटी सांगितली. ‘काकू, तिकडे दुपारचा सूर्य दक्षिणेला कलत नाही. उत्तरेला कलतो.’

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सातपुडा उचलून पूर्णेपलीकडे ठेवला होता. मग त्यांची नजर खाली ओट्यावर गेली. तिथे आमच्या निंबाची सावली हलत होती.

‘अन् उगवते कोणीकडं?’

‘पूर्वेलाच.’

‘नक्की?’

‘नक्की.’

‘मंग चाल,’ त्या उठत म्हणाल्या. ‘एक तं दिशा इमानदार हाय. एकीवरून बाकीच्या तीन लावता येतात.’

दिवाळीनंतर काकू गेल्या. ताईला मुलगी झाली, दोघी सुखरूप. आमची सकाळ म्हणजे त्यांची दुपार. त्या वेळी काकूंचा व्हिडिओ कॉल येतो. पहिल्या आठवड्यात त्या ताईला म्हणाल्या, ‘पोट्टीले उजव्या कडेवर घे.’ उजव्या. मी ऐकलं, आणि मी ऐकलं हे त्यांनाही कळलं. नजर चुकवत म्हणाल्या, ‘इथचं आभायच उलटं हाय पोरी. सकायी समजते. दुपार झाली का सारं हातातून सुटून जाते.’ साड्यांच्या ढिगाकडे न बघता बोट करणाऱ्या काकू मला आठवल्या.

तेव्हापासून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. बाळाबद्दल नंतर. ‘सावली कुठी हाय?’ मी फोन घेऊन बाहेर जाते आणि सांगते, निंबाची सावली रस्ता ओलांडून तुमच्या पायरीवर आली आहे, दुसऱ्या पायरीवरून खाली उतरते आहे. काकू डोळे मिटतात. मग मान हळूच थोडी फिरवतात, आपण अंधारात कडी चाचपतो तशी, आणि म्हणतात, ‘हं.’ मग बाळ, मग ताई, मग तिकडच्या बेचव वांग्यांची भाजी.

परवा सकाळी आभाळ भरलेलं होतं. सावली कुठेच नव्हती. मी तसं सांगितलं. फोनमध्ये मागे बाळ कुरकुरत होतं.

‘मंग तूच उभी राह्य न तथी,’ त्या म्हणाल्या. ‘माह्या पायरीवर. उगवतीकडं तोंड कर. मी तुह्यावरून दिशा लावते.’

दूधवाला येत होता, शाळेची पोरं येत होती, शेजारच्या दोघी नळावर होत्या. एरवी मी घरात गेले असते. मी रस्ता ओलांडला, कुलूप लावलेल्या दाराकडे पाठ केली आणि फोन छातीशी धरून आमच्या घराकडे, म्हणजे उगवतीकडे, तोंड करून उभी राहिले. दूधवाल्याने सायकल हळू केली. मी मान खाली घातली नाही.

‘उभी हाय का?’

‘आहे, काकू.’

‘हं,’ फोनमधून आवाज आला. ‘आता बसलं. थोडा वेळ हालू नको.’

मी हलले नाही.