एपिसोड चोविसाव्या मिनिटाला अडकला

शुक्रवारी दुपारी तीन चाळीसला साहेबांचा फोन आला.

"गुरनुले, ती डोंगरावरची साईट परत डाऊन. सलग चौथा शुक्रवार. काय चाललंय?"

"सर, लाईटचा प्रॉब्लेम आहे. तिकडं लाईनचं काम सुरू आहे. शुक्रवारी सप्लाय बंद ठेवतात."

"मग आपण बॅटरी कशाला बसवली?"

मी म्हणालो, "निघतो सर," आणि गडचांदूरहून गाडी काढली.

मी मोबाईल टॉवरच्या देखभालीचं काम करतो. एकवीस वर्षं झाली. आमच्या बोलण्यात टॉवर म्हणजे साईट, आणि तो बंद पडला की साईट डाऊन. ही साईट जिवतीच्या पुढं, डोंगरावरच्या एका गावाच्या टेकाडावर आहे. गावाचं नाव सांगत नाही. पण त्या गावाला आणि आजूबाजूच्या चार वस्त्यांना दुसरा टॉवर नाही. हा गेला की फोन करायला घाटाच्या वळणापर्यंत नऊ किलोमीटर जावं लागतं.

टॉवर लाईटवर चालतो. लाईट गेली की खालच्या पेटीतल्या बॅटऱ्या भार घेतात. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल, एकाला एक जोडलेले. याला बॅटरी बँक म्हणतात. चांगली बँक चार तास सहज काढते. ताकद फार उतरली तर एक स्विच आपोआप पडतो, सेल पार मरू नयेत म्हणून. तो पडला की साईट डाऊन. रस्ता वाईट, डिझेल वर नेणं कठीण, म्हणून या साईटवर जनरेटर ठेवलेला नाही.

लाईट गेल्याचा निरोप खरं तर चंद्रपूरच्या कंट्रोल रूमला आपोआप जायला हवा. पण ती अलार्मची केबल उंदरांनी कुरतडली होती आणि नवी अजून आली नव्हती. त्यामुळं साईट किती वाजता पडली ते कळे, लाईट किती वाजता गेली ते कळत नसे. मी धरून चाललो होतो की लाईट सकाळीच जात असणार. सकाळी गेली, बॅटरीनं चार तास काढले, दुपारी साईट पडली. हिशेब बरोबर बसत होता. तीन शुक्रवार मी वर गेलो, तोवर लाईट आलेली असायची. मीटर लावला की चोपन्न व्होल्ट. बॅटरी ठणठणीत, असं लिहून परत यायचो.

चौथ्या शुक्रवारी पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. लाईट अजून नव्हती. टेकाडाच्या पायथ्याशी एक शिवणकामाचं दुकान आहे. तिथं सात-आठ माणसं जमली होती आणि जोरात भांडत होती. वाटलं, नेटवर्कवरूनच चाललंय. मी हेल्मेट पिशवीत कोंबलं आणि मान खाली घालून पुढं निघालो.

"मोठाच पाहिजे म्हंजे पाहिजे!" एक म्हातारे गृहस्थ ओरडत होते. "आठ दिवस वाट पाहाची, अन् एकतीस मिनिटात खतम? हे काय झालं?"

"देवाजीभाऊ, मोठा केला का पाणी टाकतात त्यात," शर्टाच्या खिशाला दोन पेन लावलेला एक माणूस म्हणाला. "पहिला अठ्ठेचाळीस मिनिटाचा होता. त्यात वीस मिनिट हिरो नुसता गच्चीवर उभा. काऊन उभा हाय, तेबी नाई सांगतलं."

"उभा राह्यला तर काय झालं? पाहाले चांगला दिसते ना!"

मग समजलं. मोबाईलवर एक सिरीयल येत होती, दर शुक्रवारी एक एपिसोड. वारा वळवणाऱ्या सुपरहिरोची. गावात त्याचं नाव पडलं होतं वाऱ्या. देवाजीभाऊ म्हणजे जंगल खात्यात जन्मभर रोजंदारी केलेले म्हातारे. दोन पेनवाले खोब्रागडे सर, गावच्या जिल्हा परिषद शाळेतले मास्तर. मोबाईल सरांचा, आणि बसायला जागा दुकानाची.

"मोठा का लहान, ते मंग पाहू," मशीनवर बसलेली बाई म्हणाली. "आपल्याले आज चोवीसच मिनिट दिसला. त्याचं बोला."

"मी सांगतलं ना," देवाजीभाऊ म्हणाले. "कंपनी खेड्यात कापून देते. चंद्रपूरले पूर्ण, आपल्याले अर्धा."

"नाई भाऊ. खाली पूर्ण टाईम दिसते ना. एकतीस मिनिट लिवलं हाय. अडकते तो आपल्या इथी." एवढं बोलून तिनं माझ्याकडं पाहिलं. पिशवीतून हेल्मेटची कड बाहेर आलेली होती. "भाऊ, तुमी टॉवरचे ना? या, बसा. तुमचंच काम होतं."

ही वनिता मडावी. वय सत्तावीस-अठ्ठावीस. शिकलेली दहावीपर्यंत. आजूबाजूच्या वस्त्यांचे ब्लाऊज, शाळेचे गणवेश तिच्याकडेच येतात. मी शिव्या खायच्या तयारीनं बसलो. तिनं एक वही पुढं केली. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांची मापं होती. तिनं वही उलटी केली. मागच्या पानांवर ती सिरीयल होती.

"मशीनले माह्या मोटर हाय," ती म्हणाली. "लाईट गेली का मशीन बंद. मशीन बंद झाली का आमी एपिसोड लावतो. म्हणून लाईट जाची वेळ लिवली राहते."

पानावर चार ओळी होत्या. एपिसोडचा नंबर, त्यात काय घडलं, त्याची पूर्ण लांबी, लाईट किती वाजता गेली, नेटवर्क किती वाजता गेलं. लाईट कधी एकला गेली होती, कधी अडीचला, आज तीन सोळाला. शेवटच्या रकान्यात तिनं वजाबाकी केली होती. बावन्न मिनिटं. एकेचाळीस. तेहेतीस. चोवीस.

मी तो रकाना दोनदा वाचला. बॅटरी चार तास काढत नव्हती. तासभरसुद्धा काढत नव्हती, आणि दर आठवड्याला खाली येत होती. जे मला तीन फेऱ्यांत सापडलं नाही, ते ब्लाऊजच्या मापांच्या मागच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं.

"पहिल्या शुक्रवारी तर एपिसोड पूर्ण दिसला असेल," मी म्हणालो. "अठ्ठेचाळीस मिनिटांचा एपिसोड, नेटवर्क बावन्न मिनिटांनी गेलं. मग ते कसं लिहिलं?"

"मी बहिणीले फोन लावून राह्यली होती, माही थेरी सांगाले. मधातच कटला. म्हणून लिवलं."

"थेरी कसली?"

सगळे एकदम बोलायला लागले. सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि मला समजावलं. वाऱ्याची ताकद प्रत्येक एपिसोडमध्ये मधेच जाते. कोण घालवतं, ते कोणाला माहीत नाही. सगळ्यांचा संशय लाल मुखवटेवाल्यावर. वनिताबाईंनी काय केलं, ताकद कोणत्या मिनिटाला गेली आणि तेव्हा आसपास कोण होतं, ते प्रत्येक वेळी लिहून ठेवलं. लाल मुखवटेवाला चारांतल्या दोनच वेळा होता. वाऱ्याची मोठी बहीण चारही वेळा.

"म्हणून बहीणच हाय," वनिताबाई म्हणाल्या. "अन् तुमची बॅटरी गेली हाय भाऊ. लाईट परतून आली का नेटवर्क येते, लाईट गेली का थोड्या वेळानं जाते. मधात दुसरं कोणी नाई."

"पण मी मीटर लावला होता. चोपन्न व्होल्ट दाखवतो."

"माहा जुना मोबाईलबी शंभर टक्के दाखवे. व्हिडिओ लावला का दहा मिनिटात बंद."

एकवीस वर्षं नवीन पोरांना मी हेच शिकवत आलो आहे, की बॅटरीची परीक्षा भार टाकल्यावर होते. लाईट आल्यावर दिसणारे ते चोपन्न व्होल्ट चार्जरचे होते, बॅटरीचे नव्हते.

उठताना देवाजीभाऊंनी माझा हात धरला. आता ते सिरीयलचं बोलत नव्हते. "साहेब, माह्या सुनेले नववा चालू हाय. मागच्या शुक्रवारी त्या पलीकडच्या वस्तीतल्या बाईले साप चावला. दवाखान्याची गाडी बलवाले पोरगा घाटापर्यंत गेला फोन लावाले. वाचली ते नशीब. माही सून शुक्रवारी अडली तर मी काय करू?"

मी वहीच्या पानाचा फोटो काढला आणि सोमवारी चंद्रपूरला साहेबांसमोर ठेवला.

"हे काय आहे? वाऱ्या, बहीण, गच्ची?"

"सर, शेवटचा रकाना बघा."

त्यांनी बघितला. "हे कोणी लिहिलं?"

"गावात एक बाई आहेत. कपडे शिवतात."

"गुरनुले, नवीन बँक मागायची तर डिस्चार्ज रिपोर्ट लागतो. वहीवर मिळत नाही."

डिस्चार्ज टेस्ट म्हणजे लाईट बंद करून टॉवर फक्त बॅटरीवर चालवायचा आणि एकेक सेल मोजत राहायचा. "मग टेस्टची परवानगी द्या सर. शुक्रवारी लाईट जाणारच आहे. आपल्याला साईटची लाईट वेगळी बंद करावी लागणार नाही."

त्यांनी फोटोवर बोट फिरवत चारही ओळी वाचल्या. मग म्हणाले, "आपल्या चारही डाऊनच्या वेळा या वहीशी जुळतात का?"

"एका मिनिटाचाही फरक नाही."

"कर टेस्ट. आणि त्या बाईला विचार, या शुक्रवारी किती मिनिटं निघतील."

शुक्रवारी वर जाताना मी दुकानात विचारलं. वनिताबाई म्हणाल्या पंधरा. खोब्रागडे सर म्हणाले अठरा, कारण त्यांच्या मते अशा गोष्टी एका वेगानं उतरत नाहीत. देवाजीभाऊ म्हणाले, आता टॉवरचे साहेबच आले, आज काही जात नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. मी पेटी उघडून बसलो होतो, हातात मीटर. खाली दुकानात एपिसोड सुरू झाला. पाचव्या मिनिटाला सात नंबरचा सेल घसरायला लागला. मग आठ, मग पंधरा आणि सोळा. बाकीचे वीस सेल दोन व्होल्टच्या आसपास धरून होते आणि हे चार निम्म्यावर आले होते. साखळीतले चार गळले की सगळी बँक खाली येते. स्विच पडल्याचा खट्ट आवाज झाला. खालून देवाजीभाऊंची आरोळी ऐकू आली. मी घड्याळ बघितलं. सोळा मिनिटं.

खाली गेलो तर वनिताबाई नाराज. "एका मिनिटानं चुकली," म्हणाल्या आणि वहीत सोळा लिहिलं. मला हसू आलं, पण हसलो नाही. आमच्या ऑफिसात चार इंजिनिअर आहेत. एका मिनिटाच्या चुकीनं खट्टू झालेला त्यांच्यात एकही मी पाहिलेला नाही.

रिपोर्ट त्याच संध्याकाळी गेला. नवीन बँक यायला सहा आठवडे लागणार होते. पण साहेबांनी स्टोअरमध्ये बंद झालेल्या एका साईटची तपासलेली बँक शोधून काढली आणि स्वतः फोन केला. "सहा आठवडे थांबायचं नाही. मंगळवारी घेऊन जा."

चोवीस सेल, एकेक तीस किलोचा. पिकअप टेकाडाच्या खालीच थांबली. वर रस्ता नाही. मी दोन मजूर आणले होते. देवाजीभाऊंनी गावातली बारा माणसं उभी केली. दोघा-दोघांनी लाकडाच्या दांडीला दोर बांधून एकेक सेल वर नेला. दुपारी चारपर्यंत जोडणी झाली. अलार्मची केबलही त्याच दिवशी टाकली, आणि उंदीर शिरायची फट सिमेंटनं बुजवली.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम वर गेलो नाही. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर बघत बसलो. एक चाळीसला लाईट गेली. पाच पाचला आली. मधल्या वेळात साईट एक सेकंदही पडली नाही. साडेपाचला खोब्रागडे सरांचा फोन आला. चव्वेचाळीस मिनिटांचा एपिसोड पूर्ण दिसला होता. देवाजीभाऊंच्या मते तो अजून मोठा हवा होता. आणि वनिताबाईंची थेरी चुकली होती. ताकद बहीण घालवत नव्हती. ती वाऱ्याला वाचवायला दर वेळी तिथं येत होती.

"मग त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, लिवलेलं बरोबरच होतं, मी वाचलं चुकीचं. आता नवीन पान काढलं हाय."

त्यानंतरच्या बुधवारी पहाटे देवाजीभाऊंच्या सुनेला कळा सुरू झाल्या. तेव्हाही लाईट नव्हती. खोब्रागडे सरांनी अंगणातून फोन लावला, गाडी आली, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

काम संपल्यावर आम्हाला कॉम्प्युटरवर एक फॉर्म भरावा लागतो. त्यात एक प्रश्न असतो, बिघाड कोणी शोधला. तीनच पर्याय असतात. अलार्म, कर्मचारी, ग्राहकाची तक्रार. मी तिसरा निवडला. साहेबांनी लगेच विचारलं, "तक्रार कुठं होती यात?" मी म्हणालो, "नव्हती सर. पण चौथा पर्याय नाही." त्यांनी तसंच मंजूर केलं.

आता कुठल्याही साईटवर गेलो की पेटी उघडायच्या आधी शेजारच्या दुकानात बसतो. लाईट कधी गेली, नेटवर्क कधी गेलं, ते विचारतो. बहुतेक ठिकाणी चहा मिळतो. काही ठिकाणी उत्तरही मिळतं.