दुसरं मत कुणाचं

ओर्लिन थेअर जुलैत वारला, म्हणून नोव्हेंबरात त्याच्या खुर्चीवर मला बसवलं. मतदानाच्या टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं लागतात, आणि कॅन्ससमधल्या आमच्या वस्तीत डेमोक्रॅट म्हणून नोंदलेला ओर्लिन एकटाच होता. शेवटी मलाच कागदोपत्री डेमोक्रॅट केलं.

"काय गं नॉर्मा, पक्ष विकलास की भाड्याने दिलास?" मत द्यायला आलेला प्रत्येक जण विचारत होता.

"भाड्याने. संध्याकाळी परत करायचाय."

समोर बसलेली वेल्डा क्रूस हसली नाही. नवरा लवकर गेला, मुलगी डेन्व्हरला. चोवीस वर्षं ती रिपब्लिकनांकडून या टेबलावर बसत होती, समोर विधुर ओर्लिन. दोघं दिवसभर भांडायची. "माणसं मोजायला बोटं पुरतात, तरी आपल्या राज्याला सिनेटर दोन, कॅलिफोर्नियालाही दोनच," ओर्लिन म्हणायचा, "मग त्यातला एक तरी माझा असू दे की." त्याच्या पक्षाचा एकही कधी निवडून आला नाही. आज सवयीने वेल्डाने कोबी-खिम्याचे पाव दोघांपुरते आणले होते. तिच्याकडे बघवत नव्हतं.

सिनेटरच्या आठ निवडणुकांत आमच्या पेटीतून डेमोक्रॅटला बरोबर दोन मतं निघाली होती. एक ओर्लिनचं. दुसरं कुणाचं, यावर आख्ख्या वस्तीने डोकं खाजवलं होतं. यंदा ओर्लिनच नाही म्हटल्यावर तो दुसराही आपली खोड सोडेल आणि ओर्लिनच्या बाजूला भोपळा येईल, असं मला वाटत होतं. तो भोपळा वेल्डाला स्वतःच्या हाताने लिहावा लागणार, याचंच मला वाईट वाटत होतं.

पेटी उघडली. मी चिठ्ठ्या वाचल्या, तिने रेघा मारल्या. एकवीस रिपब्लिकन. बाविसावी डेमोक्रॅट.

"हा कोण बाई अजून?" मी म्हटलं.

"मी," वेल्डा म्हणाली. पेन्सिल खाली ठेवली नाही. "पहिल्या वर्षी त्याचं एकच मत निघालं असतं. समोर बसून ते मोजायला नको वाटलं. मग दर वेळी देत गेले."

"त्याला सांगितलं नाहीस?"

"तो म्हणायचा, दुसरा कोण ते कळलं, तर रोज सकाळी त्याच्याकडे कॉफीला जाईन." तिने आकडा लिहिला, खाली सही केली. "मत गुप्त असतं, नॉर्मा. मला वाटलं, सांगायचं नसतं."