दुसरी घिरटी

महालिंगप्पा तीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर त्यांनी लोहाऱ्याजवळच्या आपल्या गावात पत्र्याचं शेड ठोकलं आणि त्यात विमान बांधायला घेतलं. आजोबांचं विमान.

आजोबा शिवलिंगप्पा हैदराबादला एका फ्लाइंग क्लबात वैमानिक होते. १९४६ साली त्यांचं दुहेरी पंखांचं विमान गावच्याच माळावर कोसळलं आणि ते जागीच गेले. गावानं ठरवून टाकलं, गडी दारू पिऊन उडवत होता. लिंगायताच्या घरावर असा बट्टा! आजी त्या बोलण्यानं खचत गेली. महालिंगप्पांच्या वडिलांना तर पोरं इतकी चिडवायची की त्यांनी शाळाच सोडली. मरेपर्यंत त्यांनी बापाचं नाव तोंडातून काढलं नाही.

तो डाग नातवाला पुसायचा होता. विमानाचे तुकडे लोकांनी तेव्हाच उचलून नेलेले. पेट्रोलची टाकी एका गोठ्यात सापडली, जनावरं तिच्यात पाणी पीत होती. असं दारोदार हिंडून मिळालं तेवढं त्यांनी आणलं. बाकी सांगाडा नकाशाबरहुकूम लाकडात उभा केला, पंखांवर कापड ताणून रोगण चढवलं. इंजिन काही मिळालं नाही. उडवायचं नव्हतंच ते.

एकीकडं हैदराबादला पत्रं चालूच होती. चौथ्या वर्षी एका म्हाताऱ्या ग्रंथपालानं अपघाताच्या चौकशीच्या इंग्रजी अहवालाची नक्कल धाडली. कुणाकडून तरी तिचा अर्थ लावून घेऊन महालिंगप्पा धावतच घरी आले. आत्या उमाबाई ओसरीवर बसल्या होत्या. शिवलिंगप्पांची ही लेक आता सत्त्याऐंशी वर्षांची होती.

"आत्या, आजोबा प्यालेले नव्हते! लेखी हाय हे. इंजिन ठीक, हवा चांगली. बिदरहून माघारी जायचं सोडून इकडं कशाला वळले, तेवढं मात्र कुणाला कळलं न्हाय. गावावर दोन घिरट्या घातल्या. दुसऱ्या घिरटीला पंख चिंचेला लागला."

"ठावं हाय मला," आत्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं?"

"म्याच बोलावलं होतं आप्पांना. पोरी म्हणायच्या, तुझा बाप इमान चालवतो ही थाप हाय. म्या हट्ट धरला, घरावरनं इमान आणा म्हणून. आणलं त्यांनी. म्या माळवदावर हुबी होते. खाली येऊन हात केला मला. मग निघाले, तर म्या दोन्ही हात हलवून परत बोलावलं. आई मारंल म्हणून आधी बोलले न्हाय. मग तिला रडताना बघून तोंडच उघडंना."

"आन् बाबा शाळा सोडून बसले, तवा?"



महालिंगप्पा उठून गेले. एका छपराखाली राहून पंधरा दिवस ते आत्यांशी एक अक्षर बोलले नाहीत. ताट पुढं करायचे आणि पाठ फिरवायचे. शेडचं कुलूपही त्यांनी काढलं नाही.

सोळाव्या दिवशी उमाबाईच काठी टेकत आल्या. "तुझं इमान दाव," म्हणाल्या. महालिंगप्पांनी कुलूप काढलं. उमाबाईंनी पंखाच्या कापडावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवत राहिल्या. आत बसवू का, असं त्यांनी विचारल्यावर नको म्हणून मान हलवली.

"गावाला सांग समदं," त्या म्हणाल्या. "पर म्या गेल्यावर. आता कुणाच्या डोळ्याला डोळा देण्याची ताकद न्हाय राहिली."

मार्गशीर्षात त्या गेल्या. शेपटीचं कापड तेव्हा अजून चढायचं होतं.

फाल्गुनात विमान शाळेच्या पटांगणात उभं राहिलं. गाव जमलं. महालिंगप्पांनी अहवाल मराठीतून वाचला आणि मग आत्यांचं सगळं सांगितलं, काही न लपवता. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या प्रेमाबाईंनी तेवढं विचारलं, "तवा केवढी होती रे उमा?"

"नऊ वर्षाची."

"एवढुसं लेकरू व्हतं ते," प्रेमाबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

महालिंगप्पांनी हातातल्या कागदाची घडी घातली. हे एवढंच त्या पंधरा दिवसांत त्यांनी आत्यांना म्हणायला हवं होतं.