धुक्याचा धडा

इथले अनुभव मी वाचतो, पण खरं सांगायचं तर निम्म्यात सोडून देतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. वडील रेल्वेत इंजिनीअर, पुढे मीही तेच झालो. बिघाड झाला की त्याला कारण असतं, शोधलं की सापडतं... हे डोक्यात पक्कं. हा एकच प्रसंग त्यात बसत नाही.

एक्याऐंशीचा जानेवारी असावा. आम्ही मूळचे जळगावचे, पण तेव्हा लखनौला मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. बाबांनी जुनी गाडी घेतली होती आणि मला एकोणिसावं लागलं होतं. आलमबागेतल्या एका मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये त्यांनी माझं नाव घातलं. शिकवायला रिझवी साहेब. साठीचे, बारीक अंगाचे, तपकिरी कोट. माझ्यासारख्या पोरालाही 'आप' म्हणायचे आणि स्वतःला 'हम'. त्यांचे दहा धडे ठरलेले असत. सातव्यानंतर मी जाणंच बंद केलं, कारण एका मित्राच्या ओळखीने मला टेस्ट न देताच लायसन्स मिळालं. घरी सांगितलं, झालं शिकून.

त्या सकाळी मालूमावशी भुसावळहून येणार होती, तिला स्टेशनवरून आणायचं होतं. बाबा टूरवर होते.

"रिक्षाने जा रे," आई म्हणाली. "समोरचं घर दिसत नाहीये."

"अगं, लायसन्स आहे माझ्याकडे."

चौदा वर्षांची नीलू, माझी धाकटी बहीण, हट्टाने मागच्या सीटवर बसली. साडेआठ वाजले असतील. कॉलनीच्या फाटकाशी गाडी हळू केली, तर तिथे रिझवी साहेब उभे. "चलिए," म्हणाले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटलं, यांनाही स्टेशनवर जायचं असेल. धडे बुडवल्याची लाज होती, म्हणून मी काही विचारलं नाही.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी वेग वाढवला. त्यांना दाखवायचं होतं, दुसरं काय.

"कहाँ तक दिख रहा है आपको?" त्यांनी विचारलं.

"उस खंभे तक."

"तो उतना ही तेज़ चलिए कि उस खंभे से पहले रुक सकें. और शीशा उतारिए. कोहरे में कान से भी देखना पड़ता है."

मी वेग कमी केला, काच खाली केली. थोडं पुढे गेल्यावर ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "रोकिए."

समोर काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. तरी मी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बॉनेटपासून दोन हातांवर उसाची ट्रॉली होती. आस मोडून रस्त्यात आडवी पडलेली, दिवा नाही, जवळ माणूस नाही. उसाची टोकं नेमकी आमच्या काचेच्या उंचीला. आधीच्या वेगात असतो तर... मी नीलूकडे वळून पाहिलं. तिने तोंडावर हात धरला होता. माझा पाय ब्रेकवरून उचलेना.

"बगल से निकालिए," साहेब म्हणाले. बस, एवढंच. चारबाग स्टेशनवर ते उतरले, मी शुक्रिया म्हणालो, त्यांनी हात वर केला आणि धुक्यात दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांचे आभार मानायला स्कूलमध्ये गेलो. तिथला क्लार्क म्हणाला, "साहब तो चार दिन से बाराबंकी में हैं. भतीजे का निकाह है. परसों आएँगे."

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. रिझवी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. गाडीत ते काय काय बोलले, ते मला दोनदा सांगायला लावलं.

"हम तो वहीं थे," ते म्हणाले. "पचास आदमियों के बीच. और कोहरे का सबक़ तो आठवाँ है. आप सात के बाद आए कहाँ?"

म्हणजे शिकलेलं मला आठवलं असेल, असंही म्हणता येईना.

घरी येऊन नीलूला विचारलं, तर ती तिच्या नेहमीच्या हिंदीत भलतंच सांगायला लागली. "भैया, वो आगे कहाँ बैठे थे? पीछे थे, मेरे बगल में. और बोले तो कुछ भी नहीं. ब्रेक तुमने ख़ुद मारा था." यावरून आम्ही आजही भांडतो. तिचं एक, माझं एक. ते गाडीत होते, एवढ्यावरच दोघांचं एकमत. त्यांच्यासारखा दिसणारा दुसरा कुणी? पण तो अनोळखी पोराच्या गाडीत बसून शिकवेल कशाला?

बाबा परत आल्यावर लायसन्सचं खरं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. लायसन्स कपाटात ठेवलं आणि म्हणाले, "टेस्ट दे." मी उरलेले तीन धडे पूर्ण केले आणि टेस्ट दिली. रिव्हर्समध्ये नापास झालो, दुसऱ्यांदा पास. पुढे माझ्या दोन्ही मुलींनाही सगळे धडे होईपर्यंत मी किल्ली दिली नाही. त्यांना वाटायचं, बाबा फार कडक.

शेवटच्या धड्याला रिझवी साहेबांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"एक बात बताइए," ते म्हणाले. "उस दिन स्टेशन पर उतरकर हम किधर गए?"

"दिखा नहीं, साहब. कोहरा था."

त्यांनी मान हलवली. "पता चले तो हमें भी बता दीजिएगा."

त्यांना सांगण्यासारखं काही मला शेवटपर्यंत सापडलं नाही.